दोन खोकी, एक शेपूट

आमच्या विभागाच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची डायनोसॉरची हाडं आहेत. ती कुठून आणि कोणत्या साली आणली हे नोंदवहीत व्यवस्थित लिहिलंय. पण त्यांची नावं कुणी ठरवली आणि कशावरून ठरवली, याबद्दल एक ओळही नाही. एका खोक्यातल्या चिठ्ठीवर गाव, थर, साल, आणि त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात 'टायटॅनोसॉरस इंडिकस'. शेजारच्या खोक्यात त्याच दुसऱ्या अक्षरात 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी'. दोन्हींत शेपटीचा एकेक मणका, बाकी तुकडे.

माझ्या गाइड मॅडमनी पीएचडीसाठी हे कपाट माझ्याकडे सोपवलं तेव्हा एवढंच सांगितलं, "आधी नावं बाजूला ठेव. हाडावर काय दिसतंय ते लिहून काढ. नाव ठेवायचं की काढायचं ते मागाहून ठरवू."

माझं माहेर वरोऱ्याचं. पिसदुरा आणि डोंगरगाव ही आमच्याच तालुक्यातली गावं, म्हणून हे काम मी मागूनच घेतलं होतं. या मातीतून डायनोसॉर निघाले हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. नागपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी तर होतेच, पण खडक आणि जीवाश्मांचे जाणकारही होते. 1860च्या आसपास पिसदुऱ्याच्या प्रचंड हाडांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं, हे मला एमएस्सीला आल्यावर कळलं. आपल्या वावरातली गोष्ट आपल्यालाच इतक्या उशिरा कळावी याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी नावांचं सांगते, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

1828 साली जबलपूरला कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडं सापडली. फिरत फिरत ती कलकत्त्याला पोचली. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून आणि मांडीच्या हाडावरून एक नवा प्राणी जाहीर केला, टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. दोनच वर्षांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून त्यांनी दुसरी जात केली, टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी. या मणक्यांची खूण अशी, की पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची बाजू चेंडूसारखी फुगीर. एका मणक्याचा गोळा मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो. त्या काळी शेपटीत असा सांधा असलेले लांब मानेचे डायनोसॉर जवळपास माहीतच नव्हते, त्यामुळे ही खूण नावाला पुरेशी होती. नंतर अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये, युरोपात तसलेच मणके निघत गेले आणि एकाची म्हणून जी ओळख होती ती अख्ख्या घराण्याची, म्हणजे टायटॅनोसॉरांची, ठरली. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी टायटॅनोसॉरसच्या नावावर जमा झालेल्या सगळ्या जाती एकेक करून तपासल्या. इंडिकस आणि ब्लॅनफर्डी ही दोन्ही नावं संशयास्पद ठरली, कारण मूळ हाडांवर त्यांना वेगळं काढणारं काहीच उरलं नव्हतं.

म्हणजे आमच्या दोन्ही चिठ्ठ्यांवरची नावं मी कपाट उघडायच्या आधीच निकालात निघाली होती. मग तपासायचं काय, असं मला काही जणांनी विचारलं. नाव गेलं तरी हाड कुठे जातं? त्याचं काय करायचं हे कुणीतरी बसून ठरवायला हवंच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो साफसफाईत. पूर्वीच्या लोकांनी जीव ओतून ही हाडं जपली होती. तडे बुजवायला प्लास्टर, वरून मजबुतीसाठी लाखेचं पॉलिश, आणि प्लास्टर उठून दिसू नये म्हणून तपकिरी रंग. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते योग्यच होतं. पण आज मोजमाप घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आपण हाड मोजतोय की प्लास्टर? हे ठरवायला अतिनील दिव्याचा फार उपयोग झाला. खोलीत अंधार करून दिवा धरला की लाख नारिंगी चमकते, प्लास्टर वेगळं दिसतं, हाड वेगळं. 'इंडिकस'च्या मणक्याचा गोळा नेहमीच्या उजेडात गुळगुळीत आणि अखंड दिसत होता. दिव्याखाली त्याची उजवीकडची खालची कड पूर्णपणे वेगळी दिसली. तेवढा भाग मुळात हाडाचा नव्हताच.

लाख स्पिरिटनं मऊ होते. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, बोटाच्या पेराएवढा भाग ओला करायचा, थांबायचं, टिपून घ्यायचं, बोळा टाकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. प्लास्टरला पाणी लागतं, पण तेही बेतानंच. लॅमेटाच्या, म्हणजे ही हाडं ज्या थरातून निघतात त्या थराच्या, मातीत पाणी मुरलं तर ती फुगते आणि हाडाचा पापुद्रा उचलून आणते. म्हणून थेंबभर पाणी, मग सुई, मग मऊ ब्रश. जिथे हाड भुसभुशीत लागलं तिथे ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 हे राळेसारखं रसायन पाजलं. उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर ते ॲसिटोननंच पुन्हा निघतं, याच कारणासाठी ते वापरतात. निघालेलं प्लास्टरही मी फेकलं नाही. पिशवीत घालून, कुठून काढलं ते लिहून त्याच खोक्यात ठेवलं.

प्लास्टर निघाल्यावर खरा गोळा दिसला. तो मध्यावर नव्हता, एका बाजूला कललेला होता.

आता मणक्याची दिशा लावायची. या जनावरांच्या शेपटीच्या मणक्याची पुढची-मागची बाजू ओळखणं सोपं असतं. गोळा मागे, आणि वरची कमान मणक्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसवलेली. कमान तुटलेली असली तरी तिचे बुंधे राहतात. खाली, मागच्या काठाला, दोन छोटे सपाट उंचवटे असतात. शेपटीच्या खालची इंग्रजी व्ही आकाराची हाडं तिथे टेकतात. आमच्या दोन्ही मणक्यांवर ते आहेत. 'ब्लॅनफर्डी'च्या मणक्यावर डावा उंचवटा इतका शाबूत आहे की बोट फिरवलं की कड लागते.

मग मोजमाप. मणक्याच्या धडाची लांबी, पुढच्या तोंडाची रुंदी आणि उंची, मागच्या तोंडाची रुंदी आणि उंची, कमानीच्या बुंध्यांची लांबी. 'इंडिकस' लिहिलेला मणका रुंदीला कमी, उंचीला जास्त, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा. 'ब्लॅनफर्डी' लिहिलेला बराचसा गोलसर. लायडेकर यांच्या वर्णनात इंडिकसचे मणके बाजूंनी चपटे आहेत आणि ब्लॅनफर्डीचे तसे नाहीत. आमच्या चिठ्ठ्यांवरची नावं याच फरकावरून पडली असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक, एकाच शेपटीतले मणके बुडापासून टोकापर्यंत आकार बदलत जातात. आणि दुसरी, साधारण पावणेसात कोटी वर्षं चिखलाखाली, आणि त्यावर दख्खनच्या लाव्ह्याचे थर, असं ओझं सोसलेलं हाड मूळ आकारात राहिलंच असेल असं धरून चालता येत नाही.

मला हाच दुसरा मुद्दा खटकत होता. चपट्या मणक्याचं चपटेपण दोन्ही बाजूंना सारखं नव्हतं. डावी भिंत सरळ उभी, उजवी आत गेलेली, आणि गोळा कललेला. जिवंतपणी मणका असा नसतो. तो दबला होता.

दोन्ही मणक्यांचे चहूबाजूंनी फोटो काढले, प्रत्येक फोटो आधीच्याशी निम्म्याहून जास्त जुळेल असे. शेजारी मोजपट्टी ठेवली, उजेड एकसारखा, सावली पडू द्यायची नाही. एका हाडाचे दीडदोनशे फोटो सहज होतात. सॉफ्टवेअर त्यांतून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती उभी करतं. ती फिरवता येते, कापून बघता येते, आणि मुख्य म्हणजे खऱ्या हाडाला हात न लावता एकावर एक बसवून बघता येते.

बसवून बघायची कल्पना मला त्या कललेल्या गोळ्यानं दिली. 'ब्लॅनफर्डी'ची वाटीही एका बाजूला किंचित ओढलेली होती. मी दोन्ही प्रतिकृती एकाच पडद्यावर आणल्या, चपट्या मणक्याचा गोळा गोलसर मणक्याच्या वाटीत सरकवला. कलणं त्याच दिशेला. काठाला काठ लागत होता. वाटीच्या वरच्या ओठावर एक खाच आहे, तिच्यासमोर गोळ्यावर तेवढाच एक उंचवटा आला. मी खुर्चीतून उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि त्यांना नुसतं "बघायला या" म्हणाले. त्यांनी बराच वेळ पडदा पाहिला, माउस हातात घेऊन स्वतः प्रतिकृती फिरवली, आणि म्हणाल्या, "पडदा काहीही जुळवून दाखवतो. खऱ्यावर बघू."

खऱ्यावर बघायला वाळू भरलेला ट्रे लागतो. एक मणका वाळूत गोळा वर करून पक्का रोवायचा, सांध्यात पातळ फोम ठेवायचा, आणि दुसरा मणका दोघांनी धरून अलगद टेकवायचा. वजन काही किलोंचं, आणि घसरला तर संपलं. आमचे प्रयोगशाळेतले काका या कामात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. त्यांनी खालून आधार दिला, मी वरून टेकवला. मणका बसला आणि फिरेना. डावीकडे वळवून पाहिला तर बसत नव्हता, उजवीकडे वळवला तरी नाही. एकाच जागी बसत होता.

एवढ्यावर 'एकच जनावर' म्हणणं मला पुरेसं वाटलं नाही. मज्जारज्जूच्या पोकळीत दोन्हीकडे मूळ माती शिल्लक होती. ती भिंगाखाली पाहिली, त्यातले पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लाल माती, तिच्यात हिरवट डाग, चुन्याच्या बारीक गाठी, दोन्हींत सारख्याच. हाडाचा पृष्ठभाग एकाच प्रकारे झिजलेला. नोंदवहीतलं साल एक, गाव एक, लागोपाठचे क्रमांक. शेपटीत एकामागे एक असलेले दोन मणके, एकाच जनावराचे, बाजूबाजूला पुरले गेलेले. वरून दाब आला तेव्हा एक जास्त चेपला, एक कमी. आणि आमच्या कपाटात ते दोन जातींचे होऊन दोन खोक्यांत बसले होते.

या टप्प्यावर मी पिसदुऱ्याला जाऊन आले. नमुन्याची माती जागेवरच्या मातीशी ताडून बघायची होती. कापूस नुकताच निघाला होता, लाल मातीचे पट्टे उघडे पडले होते. बांधावर हाडांचे तुकडे आणि अश्मीभूत विष्ठेचे गोळे अजून पडलेले असतात. याच विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे 2005 मध्ये जगासमोर आलं. वावराचे मालक जवळ येऊन म्हणाले, "ताई, हे गोटे त दरसाली निघतेत. नांगर अडते म्हणून आमी बांधावर फेकून देतो." मी त्यांना मणक्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "मंग हे फेकाचं नाही म्हना." त्यांनी मग नांगराला हाडं जास्त कुठे लागतात ती जागा दाखवली. बांधावरच्या हाडानं आपला थर गमावलेला असतो, त्यामुळे ही माहिती माझ्यासाठी फार मोलाची होती.

उरला प्रश्न, हे जनावर कोणतं? इथे मोह फार होतो. डोंगरगावला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी 1980च्या दशकात एक उत्तम सांगाडा खणून काढला. कवटी आणि मागचे पाय नाहीत, पण मान, पाठ, शेपूट, कंबर, खांदा, पुढचा पाय असं बरंच काही आहे. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, आणि 2003च्या त्याच फेरतपासणीत त्याला स्वतःचं वेगळं नाव मिळालं, आयसिसॉरस. चंद्रपूर जिल्ह्याचा स्वतःचा लांब मानेचा डायनोसॉर! दुसरीकडे जबलपूरचा जैनोसॉरस आहे. दोघांच्या दंडाच्या हाडांतही फरक आहे. आयसिसॉरसचं 148 सेंटिमीटर लांब, जैनोसॉरसचं 134 आणि सडपातळ.

तुलनेसाठी कोलकात्याला गेले. संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात शिरलं की आधी समोर येतो बारापासॉरस, ज्युरासिक काळातला, आयसिसॉरसच्या कितीतरी आधीचा. ज्या कोटा थरातून तो निघाला त्या थराचं नाव गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून पडलंय. त्याच्या मांडीच्या हाडाशेजारी उभी राहिले तर ते जवळपास माझ्या कपाळापर्यंत येतं. त्याच्याकडे मी कामाशिवायही बराच वेळ बघत बसले. मग आयसिसॉरसच्या शेपटीचे मणके एकेक करून माझ्या मोजमापांशी आणि प्रतिकृतींशी ताडले.

काही जुळलं, काही नाही. आकार शेपटीच्या मधल्या भागातल्या मणक्यांशी मिळताजुळता आहे. पण जे जुळतं ते या घराण्यातल्या पुष्कळांशी जुळतं, आणि जे जुळत नाही ते दबल्यामुळे नाही की जात वेगळी म्हणून नाही, हे दोन मणक्यांवरून सांगता येत नाही. डोंगरगाव शेजारी आहे म्हणून आयसिसॉरस म्हणायचं, तर ती हाडावरची खूण नव्हे, नकाशावरची झाली.

त्यामुळे नव्या नोंदीत मी लिहिलं: टायटॅनोसॉर, जात-प्रजात अनिश्चित, शेपटीचे सलग दोन मणके, एकच प्राणी. जुन्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या, खोडल्या नाहीत. नवी चिठ्ठी सोबत जोडली, तारीख आणि कारणं लिहून.

विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटलं नाही. एवढं सगळं करून दोन नावं गेली आणि हाती 'अनिश्चित' आलं, विद्यार्थ्यांना काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तळमळ मला कळते. प्रदर्शनात नाव लागतं. पण मला हा व्यवहार तोट्याचा वाटत नाही. आधी आमच्याकडे दोन नावं होती आणि दोन्ही पोकळ होती. आता एका जनावराच्या शेपटीचा सलग तुकडा आहे, कसा दबला हे माहीत आहे, कोणत्या थरातला हे माहीत आहे. उद्या पिसदुऱ्यात आणखी काही निघालं तर ताडून बघायला आमच्याकडे खात्रीचं काहीतरी आहे.

जुनी कपाटं उघडल्यानं काय हाती लागतं याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. गुजरातमधल्या ढोली डुंगरीचा एक नमुना धनंजय मोहबे यांनी 1980च्या दशकात गोळा केला होता, डायनोसॉरची अंडी आणि पिलू म्हणून. पुढे विल्सन यांनी तो पुन्हा पाहिला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले. घरट्यात, अंड्याला वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी टायटॅनोसॉरचं पिलू. 2010 मध्ये तो सनाजेह इंडिकस म्हणून प्रसिद्ध झाला. आणि टायटॅनोसॉरस इंडिकसचा मूळ मणका, जो हरवलाच असं सगळे धरून चालले होते, तो 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहातच मिळाला. उलट तामिळनाडूत कल्लमेडूला सापडलेल्या ब्रुहथकायोसॉरसचं बघा. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांत त्याची गणना होऊ शकते, पण ती हाडं झिजून नष्ट झाली. आता त्याच्यावरचा सगळा वाद जुनी चित्रं आणि फोटो समोर ठेवून चालतो. पुन्हा तपासायला हाडच नाही.

आता कपाटातला खालचा खण घेतलाय. त्यात पाठीच्या मणक्याचा एक तुटका तुकडा आहे. तुटलेल्या बाजूनं पाहिलं तर आत अनारशासारखी जाळी दिसते. या जनावरांच्या पाठीच्या आणि मानेच्या हाडांत हवेच्या पिशव्या शिरलेल्या असायच्या, त्यांच्या त्या खोल्या. त्याची चिठ्ठी कसरीनं अर्धी खाल्लीय, गावाच्या नावातली शेवटची दोनच अक्षरं उरलीत. पोकळीतल्या मातीवरून ते गाव शोधायचा प्रयत्न चालू आहे.

वरोरा, भद्रावती, उमरेडकडच्या कुणाच्या वावरात असं जड, दगडासारखं पण कडेला बारीक छिद्रं असलेलं काही निघालं, तर कृपा करून ते धुऊ नका आणि बांधावर टाकू नका. जागेवरच शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो घ्या, फोनवर ठिकाणाची नोंद करा, आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. कोणत्या गटात, किती खोलीवर, कोणत्या रंगाच्या मातीत सापडलं, एवढं कागदावर लिहून ठेवलंत तरी पुढच्या तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं.